नीवेसचा हवापालट

१४ सप्टेंबर १९९१, शनिवार. वेर्चेल्ली

आज कपाटातून चादरी काढताना मठाच्या शाळेतलं धुणीघर आठवलं. बुधवार हा धुण्याचा दिवस. ओल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन नीवेसच्या. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची. सिस्टर चेलेस्तीना दारात जपमाळ ओढत बसलेली. नीवेस मुद्दाम हिसका द्यायची आणि मी चादरीसकट पुढे कोलमडायचे. "अमाबिले, हसणं पुरे. चादर जमिनीला लागली तर पुन्हा धुवायची," सिस्टर म्हणायची. हसायची नीवेस, बोलणी मला, तिच्या बीलेला. तेरा वर्षांच्या होतो. युद्ध चालू होतं, सूप पाण्यासारखं मिळायचं, हाताला थंडीने भेगा पडलेल्या. तरी ते बुधवार आठवले की आतून ऊब येते.

आजच का आठवले, ते मला ठाऊक आहे.

परवा ओरेस्ते येऊन गेला. नीवेसचा धाकटा भाऊ, चौकातल्या कमानीखालच्या औषधाच्या दुकानाचा मालक. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं तरी त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावून सांगितलं. आपल्याकडे असंच सांगतात, माणसाला नाही, त्याच्या माणसांना. स्वादुपिंडात गाठ आहे. इस्टर पाहील कदाचित, पुढचं सांगता येत नाही. सात ऑक्टोबरला मिलानला ऑपरेशन करायचं ठरलंय. त्याने फरक पडेल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, उघडून बघू.

"आणि नीवेसला काय सांगितलंस?"

"अल्सर आहे म्हणून. ऑपरेशनपर्यंत डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय म्हणून."

"मग?"

"मग ती हसायलाच लागली. ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, हवापालट का? मग मी बीलेला घेऊन फिरायला जाते. पाठीवर सॅक टाकून, पोरी जातात तशी. आम्ही शाळेत असल्यापासून ठरवतोय."

ते खरं आहे. सतराव्या वर्षी आम्ही नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली होती. माझ्या वडिलांनी तो नकाशा चुलीत घातला.

"ओरेस्ते," मी म्हटलं, "तीस वर्षं त्याच इस्पितळात हेड नर्स होती ती. तिला कळणार नाही?"

"स्वतःचं असलं की नर्सलाही कळत नाही. आणि फाइल मी घरी आणून ठेवलीय." मग त्याने माझा हात धरला. साठीला आलेला माणूस, पण मला तो अजून आखूड चड्डीतलाच दिसतो. "बीले, तू तिच्याबरोबर जा. तीन तारखेपर्यंत परत आण. आणि एक शब्द नाही. कळलं तर ती आधीच मरेल."

मी वचन दिलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते? आठ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या, अत्तिल्योच्या वेळी मीही हेच केलं होतं. त्याच इस्पितळात, नीवेसच्याच वॉर्डात.

१६ सप्टेंबर, सोमवार. मांतोवा

पोचलो. मिलानला गाडी बदलताना माझा जीव वर-खाली होत होता. सॅक आम्ही आठवडी बाजारात, लष्कराचा जुना माल विकतात तिथे घेतल्या. हिरव्या, कळकट. माझी माझ्याहून रुंद दिसते. फलाटावर एक हमाल म्हणाला, "काय हो, आल्प्सची पलटण चुकीच्या दिशेला निघाली वाटतं?" नीवेस म्हणाली, "मुख्य फौज मागून येतेय. तुम्ही तिला कॉफी पाजा."

तिकीट तिने दोघींत एकच काढलंय. तीन हजार किलोमीटरचं, दोन महिने चालतं. प्रत्येक वेळी खिडकीवर जाऊन पुढचं गाव त्यात लिहून घ्यायचं. फार स्वस्त पडतं. पण खिडकीवर जायचं मी, हा तिचा हुकूम.

"मी का?"

"मी सॅक सांभाळते."

"सॅक मी सांभाळते ना!"

"बीले, तू बासष्ट वर्षांची आहेस. खिडकीमागचा माणूस चावत नाही."

मी जन्मात कधी तिकीट काढलं नव्हतं. ते अत्तिल्यो बघायचा, आणि तो गेल्यावर मी कुठे गेलेच नाही. खिडकीशी उभी राहिले आणि गावाचं नाव तोंडातून निघेना. आतला माणूस म्हणाला, "हळू सांगा, सिन्योरा, पण आजच्या आज सांगा." मागे रांगेत लोक हसले. परत आले तर नीवेस शांतपणे बाकावर बसलेली. "झालं? आता पुढच्या वेळी खिडकीजवळची जागा माग." इतकी दुष्ट ती शाळेतही नव्हती.

आम्ही मठातच उतरतो. आमच्या शाळेच्या सिस्टरांची घरं सगळीकडे आहेत. आमच्या मदरची चिठ्ठी दाखवली की दोन खाटा, एक बेसिन आणि सकाळी दुधाची कॉफी. दार नऊला बंद.

दुपारी भोपळ्याच्या सारणाची तोर्तेल्ली मागवली. नीवेसने तीन खाल्ली. मी मोजली. मग ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा, हवापालट तुलाही हवाच आहे." आणि पुन्हा हसली.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. ओरेस्तेने दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांची तपकिरी बाटली दिलीय, वरचा कागद मी चाकूने खरवडून काढला. व्हिटॅमिन म्हणून द्यायच्या. नीवेसने गोळी खिडकीशी नेली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"दिवसाला किती?"

"दोन. आणि पोटात दुखलं तर तिसरी."

बोलून गेले आणि जीभ चावली. पोटदुखीवर व्हिटॅमिन कोण देतं! पण तिच्या लक्षात आलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली. देवाची कृपा.

१८ सप्टेंबर, बुधवार. मांतोवा

तळ्याच्या काठाने चाललो. ती दर दोनशे पावलांवर थांबते आणि बगळे दाखवते. इतके बगळे कोणी बघत नाही. मीही थांबते आणि म्हणते, हो गं, काय सुंदर. चालताना हात पोटाशी असतो तिचा. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

२० सप्टेंबर, शुक्रवार. फेर्रारा

आज मी तिच्यावर रागावले आहे आणि त्याची मला लाज वाटते आहे.

दुपारी साडेबाराला ती खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, "मला भूक नाही. तू जा जेवायला."

"मी पाव आणि चीज आणते, इथेच खाऊ."

"नको. खानावळीत जा. टेबलाशी बस. पहिलं ताट पास्त्याचं मागव, दुसरं मांसाचं मागव, पाव लिटर वाइन मागव."

"एकटी?"

"नाही, पोपना घेऊन जा. अगं, एकटीच!"

मी म्हटलं, एकटी बाई खानावळीत बसली की लोक काय म्हणतात. ती म्हणाली, "बासष्टाव्या वर्षी लोकांनी काही म्हटलं तर आपण केकवर मेणबत्ती लावून साजरं करावं." मग मात्र तिने तोंड भिंतीकडे केलं. तिला मी खोलीत नको होते, हे मला कळलं. एवढी वर्षं मी तिच्या मागे मागे, आणि ती मला बाहेर काढते.

गेले. भिंतीकडे तोंड करून बसले. वाढणारी बाई जाडजूड, अंगावर पांढरा एप्रन. तिने विचारलं, "तुमच्याबरोबरचे येतायत का?" मी म्हटलं, "नाही. मी एकटीच आहे." हे वाक्य मी याआधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. अत्तिल्योच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. ती म्हणाली, "मग इथे कशाला बसलात, खिडकीशी या. एकट्या माणसाला काहीतरी बघायला लागतं." बाहेर सायकलीच सायकली. एक बाई दोन्ही हात सोडून चालवत होती, हातात पावांची पिशवी. मी सगळं संपवलं. वाइनसुद्धा.

येताना कोपऱ्यावरच्या बारमधून ओरेस्तेला फोन केला.

"खाते का?"

"थोडं."

"डोळे पिवळे दिसतायत का?"

"मला नाही कळत, ओरेस्ते. मठातला दिवाच पिवळा आहे."

"तिला संशय आलाय?"

"नाही. हसते सारखी. मलाच सतावते."

"बघ!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हलका झाला की मला रडू आलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं? हवापालट मानवतोय तिला."

मठात आले तर नीवेसचा चेहरा धुतलेला, केस नीट विंचरलेले, आणि उशीवर दातांच्या खुणा. मी उशी उलटी करून ठेवली. तिने विचारलं, "दुसरं काय मागवलंस?" मी म्हटलं, उकडलेलं मांस. "आणि कोणी चावलं नाही ना?"

२३ सप्टेंबर, सोमवार. रावेन्ना



इथल्या मठात प्रार्थनाघराच्या दाराशी लाकडी पेटी आहे. आपली विनंती कागदावर लिहून टाकायची. शाळेत असताना आम्ही परीक्षेच्या आधी टाकायचो, सिस्टर सगळ्या चिठ्ठ्या वेदीखाली ठेवून द्यायच्या, कोणी वाचायचं नाही. त्या देवाला कळायच्या. मी सकाळी एक टाकली. कोणाजवळ तरी बोलायला हवं होतं मला. लिहिलं: "नीवेससाठी. ती फार आजारी आहे आणि तिला त्याची कल्पना नाही. ती कल्पना तिला न येवो, आणि मला खोटं बोलण्याचं बळ मिळो."

संध्याकाळच्या प्रार्थनेला नीवेस कधी येत नाही. आज आली. "गुडघे बघू दे टेकतायत का," म्हणाली. सात-आठ सिस्टर, आम्ही दोघी, आणि अर्ध्या अंधारात भिंतीवरच्या मोझेइकचे चिमुकले सोनेरी चौकोन. स्तोत्रं झाली. मग सिस्टर बेनिन्या उठली. नव्वदीची असेल, काठी, जाड भिंग. पेटी उघडली आणि एकेक चिठ्ठी वाचू लागली. मोठ्याने. बहिऱ्या माणसांच्या आवाजात.

मला उठता येईना. 

"पुत्राला नोकरी मिळावी म्हणून." प्रभू, आमची प्रार्थना ऐक. "पावसाने द्राक्षं कुजू नयेत म्हणून." प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मग भिंग जवळ नेलं. "नीवेससाठी. ती फार आजारी आहे आणि तिला त्याची, तिला त्याची... हे काय लिहिलंय, अक्षर फार बारीक आहे... कल्पना नाही."

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, माझ्या शेजारून आवाज आला: "प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

बाहेर आल्यावर मी भिंतीला धरून उभी. नीवेसने डोक्यावरचा रुमाल सोडला, घडी घातली.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "माझ्याच नावाची कोणी आहे. बिचारी."

"हो," मी म्हटलं. "बिचारी."

"आणि ती चिठ्ठी लिहिणारी तर त्याहून बिचारी. एवढं सगळं एकटीने पोटात ठेवायचं म्हणजे." मग तिने माझा दंड धरला. "चल, थंडी वाजतेय तुला."

नीवेस हे नाव आमच्या पिढीत बऱ्याच जणींचं आहे. इथे रावेन्नातही असणार. तिला खरंच तसं वाटलं. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, तिच्या आवाजात काहीच वेगळं नव्हतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार. रावेन्ना

चर्चमध्ये नाणं टाकलं की दिवा लागतो आणि छतावरच्या मेंढ्या, पांढरे झगे, हिरवं कुरण सगळं उजळतं. मिनिटभराने पुन्हा अंधार. आम्ही दुसऱ्यांच्या नाण्यांवर बघत बसलो. एक जर्मन कुटुंब फार उदार होतं.

अंधारात नीवेसने विचारलं, "अत्तिल्योला आम्ही हवापालटाला पाठवलं होतं, आठवतं? ओर्ताच्या तळ्याकाठी. कसे गेले ते दिवस?"

मी म्हटलं, छान. दोन आठवडे. तो जेवायचा, होडीत बसायचा. फक्त एक चमत्कारिक खूळ डोक्यात घेतलं होतं त्याने. मला चेक लिहायला शिकवायचा. सुट्टीत! वहीत गॅसवाल्याचा, नळवाल्याचा फोन नंबर लिहून दिला. फ्यूज कशी बदलायची ते हॉटेलच्या जिन्यातल्या पेटीवर दाखवलं, मालक ओरडला. मी म्हणायचे, अरे, घरी गेल्यावर बघू, आता तळं बघ. तो म्हणायचा, तळं कुठे पळत नाही.

"आणि तू शिकलीस?"

"शिकावं लागलं. त्याचा हट्टच तसा."

तेवढ्यात जर्मन माणसाने नाणं टाकलं. नीवेसचा चेहरा ओला होता. सोनेरी चौकोनांकडे बघून माझेही डोळे भरतात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. गाडीत

फ्लोरेन्सला फक्त गाडी बदलली. मी म्हटलं, एक दिवस थांबू या का? नकाशावरच्या आमच्या रेघेत होतं. ती म्हणाली, "मला गर्दी नको. तू ये कधीतरी, सवडीने. वसंतात ये."

खिडकीवर आज मी अडखळले नाही. ओर्व्हिएतो, दोघी, खिडकीजवळच्या जागा. माणसाने वर बघितलंसुद्धा नाही. मला उगाच वाटलं, त्याने बघायला हवं होतं.

तिसरी गोळी आता रोज लागते. आज चौथी मागितली. मी दिली. कोणाला विचारू? ओरेस्तेला विचारलं तर तो मोटार घेऊन न्यायला येईल. तो म्हणतो, कळलं तर ती आधीच मरेल. पण सात तारखेला तिचं पोट कापतील, ती टेबलावर चढेल अल्सर समजून, आणि मग परत उठली नाही तर? ती माझ्याकडे बघून टेबलावर चढेल. माझ्यावर विश्वास ठेवून. अत्तिल्योच्या वेळी मला हा विचार का आला नाही?

सांगावं का? रोज सकाळी ठरवते, दुपारपर्यंत टिकतं.

३० सप्टेंबर, सोमवार. ओर्व्हिएतो

जसं झालं तसं लिहिते.

इथे एक जुनी विहीर आहे, गोल, फार खोल. आत दोन जिने एकमेकांभोवती वळत जातात. एकाने उतरायचं, तळाशी लाकडी पुलावरून पलीकडे जायचं, दुसऱ्याने चढायचं. जाणारा आणि येणारा कधी भेटत नाहीत, फक्त मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसतात. पूर्वी गाढवं पाणी आणायची, त्यांची टक्कर होऊ नये म्हणून. दोनशे अठ्ठेचाळीस पायऱ्या.

मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "गाढवं जायची, आपण नाही?"

उतरताना ठीक होतं. पुलावर ती कठड्याला टेकून पाण्यात बघत राहिली. मग चढायला लागलो. चाळीसएक पायऱ्यांवर ती एका झरोक्याच्या कोनाड्यात बसली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पिशवीत बाटली होती. मी गोळी काढली, पाणी दिलं. समोरच्या जिन्याने शाळेची मुलं उतरत होती, झरोक्यांतून हात हलवत. "चाओ, आजी!" नीवेसनेही हात हलवला.

आणि मी बोलले. ठरवलं नव्हतं. "नीवेस, तुला अल्सर नाही."

"बरं," ती म्हणाली. डोळे मिटलेले.

"बरं काय! ऐक ना. ओरेस्तेने मला वचन..."

"बीले, त्या गोळ्या मी अकरा वर्षं वाटल्यात. अंधारात जिभेवर ठेवली तरी नाव सांगेन." तिने श्वास घेतला. "आणि हवापालट! माझ्याच वॉर्डात हा शब्द मीच शिकवला सगळ्यांना. नवा डॉक्टर आला की मी सांगायचे, घरच्यांनी लपवायचं ठरवलं असेल तर हवापालट सांगा, लोकांना आवडतं. अडीचशे माणसांना मी हवापालटाला पाठवलं असेल. ओरेस्ते दारात उभा राहून तोंड फिरवून तो शब्द बोलला आणि मला हसूच आवरेना. मला! बावळट कुठला."

मी रडत होते. ती नाही.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसाच्या आधीपासून. डोळे आरशात मीही बघते."

"मग बोलली का नाहीस? मी दोन आठवडे मरतेय इथे!"

"तू इतकी छान खोटं बोलत होतीस. पोटदुखीला व्हिटॅमिन!" आता ती हसली, आणि हसताना पोट धरलं. "आणि बोलले असते तर तू माझी सॅक उचलली असतीस, ताट हातात आणून दिलं असतंस, खिडकीवर मलाच पुढे केलं असतंस. मला वेळ कमी होता, बीले. तुझं पुष्कळ शिकायचं राहिलं होतं."

दोनशे पायऱ्या आम्ही दहा-दहाने चढलो. ती पुढे, मी मागे, हात तिच्या पाठीला लावून. वर आलो तेव्हा रखवालदार घड्याळ बघत होता. "कुठे होतात, बायांनो? मला वाटलं, पाण्यात पडलात." नीवेस म्हणाली, "चव घेऊन आलो. बरं आहे, पण खारट."

१ ऑक्टोबर, मंगळवार. ओर्व्हिएतो

सकाळी तिने स्वतः ओरेस्तेला फोन केला. चौकातल्या बारमध्ये, मी शेजारी, कान रिसीव्हरला चिकटवून.

"ओरेस्ते? मी. अरे, किती बरं वाटतंय! रंग आलाय गालांना. ऐक, ते मिलानचं ऑपरेशन रद्द कर."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"नीवेस, डॉक्टर म्हणाले..."

"अल्सर आहे ना?"

"हो. हो, अल्सर."

"साध्या अल्सरसाठी बासष्टाव्या वर्षी पोट कोण कापून घेतं? मी तीस वर्षं अल्सर बघितलेत. दूध, पांढरा भात आणि हवापालट. डॉक्टरांनीच सांगितलं ना? की दुसरं काही आहे, जे तू मला सांगत नाहीयेस?"

 मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बारचा मालक कप पुसायचं थांबला होता. सांगेल, मला वाटलं. आता सांगेल.

"नाही गं," ओरेस्ते म्हणाला. आवाज बारीक, लहानपणचा. "दुसरं काय असणार?"

"मग झालं तर. रद्द कर. आणि घरातल्या फुलझाडांना पाणी घाल."

तिने रिसीव्हर ठेवला आणि तसाच त्यावर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "नीवेस, किती क्रूर आहेस. त्याला सांग की तुला माहीत आहे. दोघं मिळून रडा."

"तो नाही रडू शकत माझ्यासमोर. आई गेली तेव्हा गोदामात जाऊन रडला, औषधांच्या खोक्यांमागे. त्याला एवढंच करता येतं माझ्यासाठी, लपवणं. तेच हिसकावून घेऊ?" मग म्हणाली, "ज्यांच्यापासून लपवतात ना, ती माणसं बहुतेक हेच करतात. मी पाहिलंय. घरच्यांवरच्या मायेने."

मला अत्तिल्योबद्दल विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं. हॉटेलचा जिना, फ्यूजची पेटी, "तळं कुठे पळत नाही." ती माझ्याकडे बघत होती, मी विचारीन म्हणून थांबली होती. नाही विचारलं. मी दोन कॉफी मागवल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार. ओर्व्हिएतो

उद्या निघतो. तिला आता बसवत नाही फार वेळ. मठाच्या बागेत अंजिराखाली खुर्ची टाकून दिलीय, वर घोंगडी. जेवणानंतर ती म्हणाली, "ती वही आण. रोज काय लिहितेस त्यात?"

"काही नाही. काय खाल्लं, कुठे गेलो."

"खोटं बोलायला शिकलीस खरं. आता एक पान खरं लिही. मी सांगते, तू लिही. वकिलाला नको, वकील ओरेस्तेचा मित्र आहे."

म्हणून हे तिच्या शब्दांत:

पिनवरचं घड्याळ, वॉर्डात छातीला लावायचे ते: चौथ्या मजल्यावरच्या नर्स इवानाला. तिचं नेहमी पाच मिनिटं मागे असतं आणि त्यामुळे इंजेक्शनं उशिरा होतात.

चांगल्या बारा बशा: ओरेस्तेच्या बायकोला. एकीचा टवका उडालाय, ती सगळ्यात खाली ठेवून दे. तिला घरी गेल्यावर दिसू दे.

निळा कोट: ज्या बाईला बसेल तिला, बाजारात उभं राहून द्यायचा. कपाटात ठेवणाऱ्या कोणालाही नाही.

शिवणयंत्र: मठाच्या शाळेला. तेल मी टाकलंय.

नर्सिंगची पुस्तकं: कोणाला नकोत. जाळली तरी चालतील. एकात वाळलेलं फूल आहे, ते कोणाचं ते विचारू नये.

मी म्हटलं, "आणि मला?" ती म्हणाली, "थांब, येतेय." आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. वारा थांबला होता. मला वाटलं, झोपली.

पलंगाशेजारची खुर्ची: बीलेला. दिवसा आणि झोप लागेपर्यंत. ओरेस्तेने फारच आग्रह केला तर त्याला रविवारी दुपारी तासभर, आणि तेव्हा बीलेने बाहेर जाऊन एकटीने नीट जेवावं.

ओरेस्तेला: नीवेसला शेवटपर्यंत काहीच कळलं नाही, हे. हे बीलेने त्याच्या हाती द्यायचं, दफनानंतर, तो गोदामातून बाहेर आल्यावर. त्याने कितीही विचारलं, रडून विचारलं, तरी परत घ्यायचं नाही.